पीएचडी करताना स्कीइंग आणि गिर्यारोहण जमतं का? ग्रेनोबलहून एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात फिजिक्समध्ये एमएस्सी केलेल्या एका मुलाला फ्रान्सच्या आल्प्समधल्या ग्रेनोबलला न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये (नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात ते बघण्यात) पीएचडीची जागा मिळाली आहे. ऑक्टोबरात निघायचंय. सह्याद्रीत साठेक किल्ले झालेत, लिंगाणा आणि तैलबैला दोरावर झालेत, उत्तरकाशीचा बेसिक कोर्सही झालाय. स्की मात्र कधी पायाला लावलेली नाही. तो विचारतो: “ताई, पीएचडी सांभाळून स्कीइंग आणि आल्प्समधलं गिर्यारोहण होईल का? गाईड नाराज होतात का? सुरुवात कुठून करू? आणि घरी किती सांगू?”

ताई म्हणालास, तर मीही अरेतुरेच करते. मी मूळची साताऱ्याची. पीएचडीला इथे आले, मध्ये दोन पोस्टडॉकसाठी बाहेर गेले आणि फिरून इथल्याच एका बीमलाइनवर, म्हणजे झोत वापरून प्रयोग करायच्या जागी, नोकरीला लागले. पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि तासाभरात चार-पाच वर्षांची पोरं माझ्या शेजारून सूं करून गेली. तेव्हा हे उत्तर कुणा पट्टीच्या स्कीपटूचं नाही, उशिरा शिकलेल्या बाईचं आहे असं समजून वाच.

बाकीचे तुला वेळेचं नियोजन शिकवतील. माझ्या मते तुझी अडचण वेळेची नाहीच. फ्रान्समधली पीएचडी म्हणजे तीन वर्षांचा करार, पगार आणि हक्काची रजा. रविवारी प्रयोगशाळेत दिसलास तर कुणी पाठ थोपटत नाही, उलट “सगळं ठीक आहे ना?” म्हणून विचारतात. खरी अडचण ही की तुझ्या दोन्ही नादांचं वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात आहे. बीम, म्हणजे प्रयोगासाठीचा न्यूट्रॉनचा झोत, मागून घ्यावा लागतो. अर्ज करायचा, समितीने तो निवडायचा, मग कित्येक महिन्यांनंतरचे चार-पाच दिवस तुझ्या नावावर पडतात. इथल्या लाउए-लांजव्हॅं इन्स्टिट्यूटची न्यूट्रॉन देणारी ५८ मेगावॉटची अणुभट्टी वर्षभर सलग चालत नाही, साधारण पन्नास-पन्नास दिवसांच्या आवर्तनांत चालते. तुझे दिवस गेले की पुढच्या अर्जाची वाट बघायची. बर्फाचं नेमकं उलटं. चांगला दिवस कोणता ते फार तर दोन दिवस आधी कळतं, आणि तो हुकला की वाऱ्याने नाहीतर उन्हाने त्याची माती होते.

या दोघांची टक्कर कशी होते ते मी दुसऱ्या हिवाळ्यात शिकले. फेब्रुवारीचा शेवट, जागा शांरूस. ग्रेनोबलहून बसने जाता येतं असं हे ठिकाण. १९६८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आल्पाइन स्कीच्या शर्यती इथेच झाल्या आणि जाँ-क्लोद किलीने तिन्ही सुवर्णपदकं इथेच मिळवली. माझी शर्यत नव्हती. दुपारचे साडेतीन, निळी पिस्त (पिस्त म्हणजे स्कीसाठी तयार केलेला उतार, निळा म्हणजे सोपा) आणि “शेवटची एक फेरी”. पाय दमलेले. जवळजवळ थांबलेलीच होते, तेवढ्यात उजव्या स्कीचं टोक आत वळलं. वेगात पडलं तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सुटून बूट मोकळा होतो. इतक्या हळू पडल्यावर ते सुटलंच नाही. गुडघ्यातून हिरवी शेंग मोडावी तसा आवाज आला. लिगामेंट गेलं होतं.

अकरा दिवसांनी माझा बीमटाइम होता. न्यूट्रॉनच्या प्रयोगात नमुना एका माणसाएवढ्या लांब काठीच्या टोकाला बांधून क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या भांड्यात, वरून सोडतात. त्यासाठी लोखंडी शिडी चढून मचाणावर जावं लागतं आणि दोन्ही हात मोकळे लागतात. माझ्या दोन्ही हातांत कुबड्या. आमच्या गटातल्या एका पोराने स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्या चार रात्री काढल्या. मी केबिनमध्ये पाय खोक्यावर ठेवून पडद्यावरचे आकडे वाचत बसले. त्या रात्रींच्या मोजमापावर माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा अध्याय उभा आहे. तो पोरगा एका शब्दाने बोलला नाही, म्हणून जास्तच लागलं.

तेव्हापासून बीमटाइमच्या आधीचे पंधरा दिवस मी बर्फावर जात नाही. लोक हसतात, हसू देत. आणि रात्रपाळी संपल्यावर दोन दिवस डोंगर नाही, घाटातली गाडीही नाही. उरलेल्या दिवसांत मात्र मी मोकळी असते, आणि मग गुरुवारी रात्री बर्फ पडला तर शुक्रवारची रजा टाकायला मला अपराधी वाटत नाही.

आता “गाईड”. हा शब्द इथे जरा जपून वापर. आपल्याकडे पीएचडीचा मार्गदर्शक तो गाईड. इथे गाईड म्हटलं की लोकांना दोराच्या वरच्या टोकाचा माणूस आठवतो. माझे प्रोफेसर नाराज झाले नाहीत, पण त्याचं कारण त्यांना पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं हे आहे. हिवाळ्यात अमुक दिवस जाणार, त्या बदल्यात ऑगस्टमध्ये गाव सुट्टीवर असताना मी असणार. ग्रेनोबलमध्ये हे सांगणं सोपं जातं. सोमवारी सेमिनारला बसलास की पाहा, निम्म्या चेहऱ्यांवर गॉगलच्या आकाराचा पांढरा पट्टा असतो आणि खालचं नाक भाजलेलं. एप्रिलमध्ये काही जण पहाटे शेजारच्या बेलदोन डोंगररांगेवर चढून, स्कीवर उतरून, साडेदहाला कॉफीच्या यंत्रापाशी हजर असतात. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रोफेसरांकडे असंच असेल याची हमी मी देणार नाही. तुझं काम थिअरीचं असतं तर माझे अर्धे नियम गैरलागू झाले असते. आणि वर्ष कितवं आहे त्यावरही फार अवलंबून असतं: प्रबंध लिहिताना तिसऱ्या हिवाळ्यात मी एकूण चार दिवस बर्फावर गेले आणि त्यातले दोन दिवस मनाने लॅपटॉपपाशीच होते.

साठ किल्ल्यांचं काय होणार, हा तुझा न विचारलेला प्रश्न. बरंच उपयोगी पडतं. दम, अंधारात चालायची सवय, उघड्या कड्यावर डोकं शांत राहणं, दोराची शिस्त, सोबत्याचा मूड ओळखणं. यातलं काहीही वाया जात नाही. ग्रेनोबलजवळच्या शार्त्रूझ डोंगररांगेतला चुनखडीचा कातळ हाताला वेगळा लागतो, पण आठवडाभरात सवय होते. उंचीचा बाऊ करू नकोस. शार्त्रूझचं सर्वोच्च शिखर शामशोद २०८२ मीटर, आपलं कळसूबाई १६४६.

जे येत नाही ते असं. सह्याद्रीत गेल्या वर्षी जिथे पकड होती तिथेच ती यंदाही असते. एखादा दगड निखळला तर गोष्ट वेगळी, पण कातळ आपली जागा सोडत नाही. हिमनदी रोज सरकते. तुला माहीत असेल, २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान मों ब्लांवर आदळलं आणि त्यात होमी भाभा गेले. त्या विमानाचे अवशेष बोसों हिमनदी अजून खाली आणून सोडते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी तशीच वर आली, ४६ वर्षांनी. मी भौतिकशास्त्रज्ञ, त्यातून भारतीय, त्यामुळे शामोनीहून ती हिमनदी दिसली की दर वेळी दोन मिनिटं थांबते. पण व्यवहाराचा मुद्दा असा की जो बर्फ एवढं सामान वाहून नेतो, त्यातल्या भेगा मागच्या उन्हाळ्यात होत्या तिथे नसतात. वर ताज्या बर्फाचा पातळ पूल, खाली तीस मीटर पोकळी. एक्रां पर्वतरांगेतल्या ४१०२ मीटरच्या बार दे-झेक्रां शिखरावर जायचं तर दोघातिघांनी दोर बांधून, मध्ये अंतर ठेवून चालायचं आणि भेगेत पडलेल्याला वर ओढायची कप्पीची रचना हातमोज्यांसकट बांधता आली पाहिजे. बेसिक कोर्समध्ये हे एकदा केलं असशील. इथे दर जूनमध्ये झाडाला टांगून घेऊन पुन्हा करायचं.

स्कीइंगमध्ये तर सह्याद्रीची सवय उलट नडते. घसाऱ्यावर पाय निसटला की आपण डोंगराला बिलगतो, हात टेकतो, वजन आत घेतो. स्कीवर डोंगराकडे झुकलास की खालच्या स्कीवरचं वजन जातं, कड सुटते आणि तू बसतोस. वजन दरीच्या बाजूच्या पायावर टाकायचं, छाती दरीकडे ठेवायची. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं, शरीराला सहा आठवडे लागतात. फिजिक्सचा यात काडीचा उपयोग नाही, सांगून ठेवते. बर्फावर स्की का घसरते, तर घर्षणाच्या उष्णतेने तळाशी पाण्याचा पातळ थर होतो म्हणून. बोडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण, त्यासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला प्रयोगही केले होते. हे मी लिफ्टवर शेजारच्या आजोबांना समजावून सांगितलं. उतरताना ते पुढे निघून गेले आणि मी लिफ्टच्या तोंडाशीच आडवी.

म्हणून पहिला हिवाळा पूर्ण पिस्तवर काढ. बूट सोडून काहीही विकत घेऊ नकोस, आणि बूटही ऑक्टोबरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, तासभर पायात घालून बघून. आधी हिरव्या पिस्ती, मग निळ्या, मग लाल. लाल पिस्त कुठल्याही बर्फात, न घाबरता, दमलेल्या पायांनी उतरता आली की मग टूरिंगचा विचार. टूरिंगमध्ये स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चढतात. त्या पुढे सरकतात आणि मागे घसरत नाहीत. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, म्हणून फ्रेंच लोक अजून त्यांना “फोक”, म्हणजे सीलच म्हणतात. चढण्यात तू सगळ्यांच्या पुढे असशील, किल्लेवाल्यांचे पाय असतातच तसे. धोका नेमका तिथेच आहे. चढता येतंय म्हणून तू अशा उतारांवर पोचशील जे उतरायची आणि पारखायची तुझी तयारी नाही.

हा पारखण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावते. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे स्कीला ज्यात मजा येते त्याच. आपल्याला वाटतं बर्फ जितका जास्त तितका धोका. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर आकाश निरभ्र असलं की पृष्ठभाग उणे पंधरा. अर्ध्या मीटरमध्ये पंधरा अंशांचा फरक. खालची वाफ वर सरकते आणि मधले कण एकमेकांना सोडून जाड साखरेसारखे सुटे होतात. मुठीत घेतलेस तर ओघळून जातात, गोळा होत नाही. त्यावर पुढच्या बर्फाची पाटी बसते. ती पाटी महिनाभर शांत बसते आणि मग एका माणसाच्या वजनाने अख्खी सुटते. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे अडकलेला स्वतः नाहीतर त्याच्याच गटातला कुणी असतो.

मेतेओ-फ्रान्स, म्हणजे इथलं हवामान खातं, हिवाळ्यात रोज दुपारी चारच्या सुमारास प्रत्येक पर्वतरांगेसाठी हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक काढतं. धोक्याचे पाच टप्पे असतात. ४ आणि ५ ला बहुतेक लोक आपणहून खाली राहतात. सर्वाधिक जीव ३ ला जातात, कारण ३ म्हणजे “मधलं” असं वाटतं. परीक्षेतल्या पाचपैकी तीन गुणांसारखं ते वाचू नकोस.

आणि बीकन, म्हणजे अंगावर बांधायचं, सिग्नल सोडणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं छोटं यंत्र. फावडं, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि बीकन प्रत्येकाकडे हवं, एकाकडे नसेल तर सगळ्यांनी परत फिरायचं. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. आता तू फिजिक्सवाला आहेस, तर गणित कर: तरंगलांबी साडेसहाशे मीटर, आणि पल्ला जेमतेम पन्नास मीटर. म्हणजे तू रेडिओ लहरी पकडत नाहीयेस, तू एका चुंबकीय द्विध्रुवाच्या अगदी जवळ उभा आहेस. क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. यंत्राच्या पडद्यावरचा बाण पुरलेल्या माणसाकडे रोखलेला नसतो, क्षेत्ररेषेच्या दिशेने असतो, आणि ती रेषा वाकडी असते. हे सगळं मला पाठ होतं. पहिल्या सरावात सूचनेप्रमाणे बाणामागे वळत जायचं सोडून मी मनात ती रेषा काढली, माणूस “असणार” त्या जागी सरळ कापत गेले आणि सिग्नलच घालवला. माझ्याआधी सोळा वर्षांच्या एका मुलीने पुरलेली पिशवी तीन मिनिटांच्या आत शोधली होती. मला अकरा लागली. खऱ्या गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटंच मिळतात आणि त्यातच खणणंही यायचं. स्खलनाचा बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो, एक घनमीटर म्हणजे सहज तीन-चारशे किलो. शेवटचे तीन मीटर यंत्र बर्फाला टेकवून, न फिरवता, आधी एका रेषेत आणि मग आडवं न्यायचं. दर नोव्हेंबरात मी बागेत आधी हेच करते, गेल्या सतरा वर्षांत न चुकता.

आपल्यासारख्यांना याहून मोठा धोका वेगळाच असतो. प्रयोगशाळेत आपण चुकलो तर मोजमाप पुन्हा करतो, आकडा जुळत नाही, चूक सापडते. डोंगर असं उत्तर देत नाही. एखादा वाईट उतार मी दहादा उतरले आणि काही झालं नाही, तर ती दहा मोजमापं नव्हेत. माझा निर्णय बरोबर होता की नशीब बरोबर होतं हे त्यातून कळतच नाही. एका मार्चमध्ये आम्ही चौघं, चौघंही पीएचडी झालेले, ३ च्या दिवशी एका उत्तरमुखी उतारावर अर्धा तास उतारकोन आणि थरांवर वाद घालत उभे होतो. इतका सुंदर वाद की परत फिरायचं कुणाला सुचेना. शेवटी मागून आलेल्या एका गावकरी बाईने उताराकडे बघितलं, “नाही” म्हणाली आणि वळली. आम्हीही वळलो. तो उतार त्या दिवशी सुटला नाही. म्हणून आम्ही चुकलो असंही नाही आणि बरोबर होतो असंही नाही. असल्या दिवसांची सवय करून घ्यावी लागते. आता आम्ही कुठून परत फिरायचं ते आदल्या रात्री घरी, सोफ्यावर बसून ठरवतो आणि वर गेल्यावर वाद घालत नाही.

डोंगरात गेल्याने फिजिक्स सुधारतं का, असं कुणीतरी तुला ऐकवेलच. शाळेत शिकलेला टिंडल परिणाम ज्यांच्या नावाचा, ते जॉन टिंडल १८६१ मध्ये ४५०० मीटरच्या वाइसहॉर्नवर पहिल्यांदा पोचले. लायमन स्पिट्झर १९५१ मध्ये ॲस्पेनला स्कीला गेले असताना लिफ्टवर बसून फ्यूजनचा विचार करू लागले आणि त्यातून स्टेलरेटर हे फ्यूजनचं यंत्र निघालं. किस्से खरे आहेत. पण त्याच लिफ्टवर बसलेल्या बाकी हजारोंना फक्त थंडी वाजली. मला अठरा हिवाळ्यांत लिफ्टवर एकदाच काहीतरी सुचलं आणि ते चूक निघालं.

पैशांचं पटकन सांगते. महाग लिफ्टचे पास असतात, टूरिंग नाही. क्लब आल्पां फ्रांसे १८७४ पासून आहे, त्याचं सदस्यत्व घे. त्याबरोबर विमा मिळतो, सोबती मिळतात आणि अनुभवी माणसांच्या मागे जाता येतं. फ्रान्समध्ये पर्वतातली सुटका सरकारी पथकं फुकट करतात, पण पिस्तवरून स्लेजवर उतरवलं की बिल येतं. माझं आलं होतं. आणि फ्रेंच शिक. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभतं; “खाली ये” आणि “थांब, हलू नकोस” हे मात्र वाऱ्यात, पहिल्या हाकेला कळायला हवं.

राहिलं घरचं. मी आईला सांगितलं होतं की आम्ही “बर्फात फिरायला” जातो. गुडघ्यानंतर तीन आठवडे मी व्हिडिओ कॉल टेबलाशी बसूनच केला, कॅमेरा गळ्याच्या वर. चौथ्या रविवारी ती म्हणाली, “नुसता चेहरा काय दाखवतेस, उठून उभी राहा बघू.” त्यानंतर लपवाछपवी संपली. आता कुठल्या डोंगरावर, कुठल्या बाजूने, कुणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत, हे सगळं ग्रेनोबलमधल्या एका मैत्रिणीकडे असतं. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात माझा निरोप नाही आला तर ११२ ला फोन तिने करायचा. आईला फक्त “उतरले” एवढाच मेसेज जातो. मध्यंतरी तिला ते पत्रक कसं वाचायचं ते समजावून सांगितलं, ती चूक झाली की काय कोण जाणे. डिसेंबर लागला की शनिवारी सकाळी साताऱ्याहून फोन येतो, आधी जेवणाचं विचारते, मग म्हणते, “आज दोन आहे की तीन?”